सनईवाल्याची खुर्ची

आमच्या साखरा गावात उन्हाळ्यात देवळापुढच्या मैदानात सनईवादन व्हायचं. पाहुण्यांना खुर्च्या, वाजवणाऱ्यांना गोणपाट. एक सनईवाला मात्र सायकलला घरची लोखंडी खुर्ची बांधूनच यायचा. काही बोलायच्या आधी सनईची पत्ती ओठांत भिजवत राहायचा. आता हा काय बोलून बसतो, अशी मला तेव्हा धडकीच भरायची.

दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात पाटील सगळ्यांदेखत गरजले, "खुर्ची काहून आणली रे? खाली बस!"

त्यानं सावकाश पत्ती भिजवली. "पाटील, सांगाल ते वाजवतो. पण बूड माझं हाय. कुठं टेकायचं ते मीच ठरवीन."

पाटील खुर्ची ओढायला उठले. तेवढ्यात त्यानं ती मागं उभ्या असलेल्या एका म्हातारीला दिली. "बस माय." मग पाटलांकडं वळला, "आता उठवा हिला."

पाटील परत आपल्या खुर्चीत बसले. तो उभ्यानंच वाजवू लागला. पाटलांना शेवटपर्यंत मान वर करूनच ऐकावं लागलं.