रस्ता जिथे थांबतो

आमच्या गावातला नवा सिमेंटचा रस्ता यशोदाकाकूंच्या दाराच्या चार पावलं अलीकडे थांबतो. सुरीने वडी कापावी तसा, सरळ. पुढे नुसता चिखल. रस्त्याची कड वीतभर उंच राहिली आहे, म्हणून काकूंनी पाय ठेवायला तिथे एक धोंडा आणून टाकलाय.

रस्ता संपावा असं तिथे काही नाही, ना ओढा, ना कुंपण. तिथे फक्त आमचा वॉर्ड संपतो आणि काकूंचा सुरू होतो. ग्रामपंचायतीची मतं वॉर्डवार मोजतात, त्यामुळे कुठल्या आळीने कुणाला पाडलं ते दुपारपर्यंत टपरीवर कळतं. गुप्त मतदान म्हणे! अंगावरचा गुलाल धुवायच्या आधीच आमच्या सरपंचाने चिखल कुणाच्या वाट्याला जाणार ते ठरवून टाकलं होतं. असला नालायक माणूस आम्ही निवडून दिला.

काल काकू धोंड्यावर तोल सावरत चढत होत्या. मी हात दिला. म्हटलं, "काकू, आपण दोघं मिळून तक्रार करू."

त्यांनी हात झटकला. "तक्रार कशाला? आमचं पॅनेल येऊ दे फक्त. तुमच्या आळीचं पाणी नाही तोडायला लावलं, तर नावाची यशोदा नाही!"

लहानपणी याच बाईने मला गरम भाकरी वाढली होती.

मी घरी आलो. चपलेला चिखलाचा ठिपकाही नव्हता. आणि पुढच्या वेळचं माझं मत ठरलं होतं: त्याच नालायकाला.