वरचा बोल्ट आधी

परवा शिंदे म्हणाले, "ताई, तेल बदलायला लागलं त्याच्या दहापट वेळ आपण त्याच्याबद्दल बोलण्यात घालवला!" खरंय. एक पिकअप, चार माणसं, दोन रविवार, आणि किस्से इतके साठलेत की ऑफिसात कोणी नवीन आलं की मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तर बसा, चहा घ्या, सांगते.

गाडी जनादादांची. दादा पक्के नवी मुंबईतल्या करावे गावचे, मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहते. मी न्हावा शेवा बंदरावर एका क्लिअरिंग एजंटकडे कामाला. शिंदे तिथल्याच एका यार्डात कंटेनर चेकर, मूळचे साताऱ्याकडचे, पण दर रविवारी दादांकडे मासे खायला हजर! चौथ्या मंदावहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस. खाडीतली होडी त्यांची, माहेरून आलेली. पावसाआधी ती काठावर ओढून घ्यायची असते.

गेल्या वर्षी ओढताना दादांची पिकअप चिखलात नुसती मागची चाकं फिरवत बसली. फोर बाय फोरचा लिव्हर हलेचना! अख्ख्या गावासमोर दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणावा लागला. यंदा वहिनींनी सरळ सांगून टाकलं, "होडी ओढली तर गाडी ठेवा. नाय तर इकून टाका. गिऱ्हाईक बगून ठेवलाय मी!"

दादा दोन दिवस नीट जेवले नाहीत. गाडी एवढी जुनी, पण रंगाचा टवका उडाला तरी माणूस हळहळतो. मला फार वाईट वाटलं.

शिंद्यांनी विचारलं, "दादा, ट्रान्सफर केसचं तेल कवा बदललं हुतं?"

दादा म्हणाले, "त्याला तेल असतंय?"

*

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसलेला एक डबा. फोर बाय फोरचा लिव्हर ओढला की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही वाटून देतो. त्याला दोन बोल्ट. वरच्यातून तेल भरायचं, खालच्यातून सोडायचं. एवढं मला तेव्हा कळलं, कारण शिंद्यांनी यादीच करून आणली होती. हा माणूस यादीशिवाय शिंकत नाही! पहिलाच नंबर, 'वरचा बोल्ट आधी.' त्याखाली दोन रेघा.

"आवो, यार्डात सील बगितल्याबिगर कंटेनर उघडत न्हाईत. खालनं तेल सोडलं आन वरचा बोल्ट निघालाच न्हाई, तर भरायचं कुठनं?"

शिंदे हे समजावत होते तोवर गाडीखालून दादांचा आवाज आला, "झाला! सोडला खालचा!"

आम्ही वाकून बघितलं. तेल कसं मधासारखं स्वच्छ! दादा खूश. "बगा, माझी गाडी आतून किती साफ हाय!"

साफ असणारच. तो डबा गिअरबॉक्सचा होता, आणि त्यातलं तेल मेकॅनिकने गेल्याच महिन्यात नवीन घातलेलं! पहिला रविवार ते परत भरण्यात गेला.

*

दुसऱ्या रविवारी डबा बरोबर सापडला. वरचा बोल्ट मात्र एका लोखंडी पट्टीच्या मागे, कोपऱ्यात. दादांचा हात कोपरापर्यंत जाऊन अडकला. शिंद्यांचं पोट गाडीखालीच जाईना. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"माझा ड्रेस नवा आहे हं!" मी म्हटलं. पण दादांचं तोंड बघवेना. शिरले.

पाना लावला, पान्याला पाइप लावला, पाइपाला दादा लावले. मी आतून पाना धरून, ते बाहेरून ओढतायत. कट्‌ असा आवाज झाला. शिंदे ओरडले, "बोल्ट तुटला!" दादा ओरडले, "पाना तुटला!"

तुटल्या त्या माझ्या बांगड्या होत्या. बोल्ट व्यवस्थित निघाला.

*

मग खालचा बोल्ट सोडला आणि तेल आलं, काळं कुळकुळीत. खाली धरायला दादांनी स्वयंपाकघरातून गुपचूप एक परात आणली होती. नेमक्या वहिनी बाहेर आल्या.

"कोनाची परात हाय ती?"

शिंदे यादी वाचायला लागले. वहिनी खाली बसल्या, तेलात दोन बोटं बुडवली, चोळली, वास घेतला. बाजारात मासळी पारखतात तसंच अगदी.

"जळून गेलाय ह्यो. लिव्हर कसा हलंल?" असं म्हणून उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, "आन परात घासून मना देऊ नका. ती मेली!"

*

नवीन तेल भरायची आणखी गंमत. भोक आडवं, त्यात नरसाळं बसेना. शेवटी माझ्या माळ्यावरची होळीची पिचकारी काढली. वरच्या भोकातून तेल बाहेर ठिबकेपर्यंत भरायचं, असं यादीत आठव्या नंबरला होतं.

दादा भोकाखाली तोंड नेऊन, ठिबकतंय का बघतायत, आणि पिचकारी शिंद्यांच्या हातात! व्हायचं तेच झालं. नेम चुकला.

दादा मिशा पुसत म्हणाले, "शिंदे, पुढं बोला. नववा नंबर काय?"

*

आणि मग होडीचा दिवस. भरतीची वेळ, काठावर निम्मा गाव. वहिनींचं गिऱ्हाईकही बाइकला टेकून उभं.

दादांनी लिव्हर ओढला. खट्‌! बसला! शिंद्यांनी मला टाळी दिली. होडीला बांधलेला दोर ताणला, चारही चाकं फिरली, चिखल आमच्या अंगावर उडाला.

होडी इंचभर हलली नाही.

दादांनी पुन्हा रेस दिली. गाडी ओरडली, दोर कुरकुरला, होडी तिथेच. मागून कोणीतरी "ट्रॅक्टर बोलवा" म्हणालं. दादा खाली उतरले. चावी काढली आणि वहिनींपुढे धरली.

"घे. दे त्याला." मला रडूच आलं.

वहिनींनी चावी घेतली नाही. त्या गाडीकडे बघतच नव्हत्या, होडीच्या मागच्या टोकाकडे बघत होत्या. पदर खोचला, गुडघाभर चिखलात उतरल्या, होडीला वळसा घातला, आणि पाण्यातून नांगर वर काढून धाडकन होडीत टाकला. होडी वाहून जाऊ नये म्हणून सकाळी दादांनीच टाकला होता!

शिंद्यांनी खिशातून यादी काढली. अकराच्या अकरा नंबरांवर खुणा. नांगर कुठेच नाही.

"आता ओढा!" वहिनी ओरडल्या.

होडी सरसर वर आली. दादा गाडीतून उतरून बॉनेटवर हात फिरवत उभे राहिले.

गिऱ्हाईक पुढे आलं. "वहिनी, मग गाडी बघायला कधी येऊ?"

वहिनी पायांचा चिखल धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कंची गाडी?"