गुडघ्याएवढ्या उंचीवरची ओळ

आमच्या शाळेची खोली एकच, आणि तिला लागूनच आमचं घर. तिच्या पुढच्या भिंतीवर बाबांनी काजळीत डिंक कालवून एक ओळ लिहिली होती. स्वर्गात आणि पृथ्वीवर जेवढा म्हणून अधिकार आहे तेवढा सगळा ख्रिस्ताला दिलेला आहे, असा तिचा अर्थ. बाबा तिथले मास्तर. शाळा मिशनची, गाव कुंडलपासून दोन कोसांवर, आमची आठ-दहा ख्रिस्ती घरं गावकुसाबाहेर. बाकावर स्टूल ठेवून बाबांनी ती ओळ आढ्याजवळ लिहिली होती. जो सगळ्यांच्या वर बसला आहे त्याचं वचन मुलांच्या डोक्याखाली कसं लिहायचं, असं त्यांचं म्हणणं. वाचणाऱ्याची मान मोडेल, असं आईचं.

त्रेचाळीस साल होतं. चळवळीतली भूमिगत पोरं उसात लपत आणि पोलीस त्यांच्या मागावर. मी अकरा वर्षांची होते.

एका सकाळी फौजदार चार शिपाई घेऊन शाळेत आला. त्या पोरांना भाकरी कोण पोचवतं, ते त्याला हवं होतं. बाबांना खरंच ठाऊक नव्हतं. बोलता बोलता त्याची नजर वर गेली आणि त्यानं ओळ मोठ्यानं वाचली.

"सगळा अधिकार? मग बादशहाला काय ठेवलंत, मास्तर?"

"बादशहाला दिलाय तोही त्यानंच," बाबा म्हणाले. "मागेल तेव्हा परत द्यावा लागेल."

फौजदारानं कमरेचा पट्टा काढला. बक्कल कानाला लागलं आणि बाबांची पाळी फाटली. मुलं पाट्या टाकून पळाली. बाबा खाली पडल्यावर शिपायांनी लाथा घातल्या. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे, वाळली तुराटी मोडते तसा. आई मधे पडली तर तिच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता बसला आणि खालचा ओठ दातांवर फाटला. पुढच्या खेपेला ओळ दिसता कामा नये, असं बजावून फौजदार गेला.

बाबांनी ती पुसली नाही.

फौजदार एवढा वेळ शाळेत होता म्हणजे मास्तरनं नावं सांगितली, असं गावात कुणीतरी उठवलं. मोडलेल्या बरगडीचा विचार कुणी केला नाही. पाचव्या दिवशी भरदुपारी भूमिगतांपैकी तिघं आले. त्यांच्यातला एक बाबांचाच जुना विद्यार्थी. याच भिंतीकडे तोंड करून त्यानं पाढे म्हटले होते. त्यानंच बाबांना पालथं पाडून त्यांचे पाय बाकाला बांधले. नावं दिली नाहीत, हे बाबांचं बोलणं त्यांना अर्धंमुर्धं पटलंही असावं. पण मग भिंतीवरून जुंपली. गोऱ्यांच्या देवाची ओळ इथे नको, गावात आता आमचं राज्य आहे, ओळ पुसा आणि तसं तोंडानं म्हणा, मग सोडतो, असं ते म्हणाले.

"पुसा की, आवं मास्तर," विद्यार्थी म्हणाला. "एक फडकं मारायचं. लय काम न्हाई."

"तो गोऱ्यांचा नाही. गोरे त्याच्या पायाखाली आहेत. तुम्हीही आहात आणि मीही."

काठी बाभळीची होती. फटके तळपायांवर. पहिले पाच-सहा बसले तोवर बाबा ओरडत होते, मग नुसता घशातून आवाज येत राहिला. कातडी फुटली. काठी वर जाई तेव्हा रक्ताचे थेंब भिंतीवर उडत. दाराशी घमेल्यात सारवणाचं शेण कालवून ठेवलेलं होतं. मी ते घमेलं उचललं, दुसऱ्या बाकावर स्टूल ठेवून चढले आणि ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत लिंपून टाकली.

"पुसली," मी म्हणाले. "आता सोडा."

काठी थांबली. "पोरगी तुमच्यापरीस शाणी हाय, मास्तर," असं म्हणून विद्यार्थ्यानं दोर सोडला.

पाय धुताना बाबा मला एवढंच म्हणाले, "भिंत तुझी नव्हती."

"पाय तुमचे होते," मी म्हणाले. त्या शेणाचा मला आजही पश्चात्ताप नाही.

सांगलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. पायांची मोडलेली हाडं वेडीवाकडी जुळली. बाबा पुन्हा उभे राहिले नाहीत. बैलगाडीतून घरी आले त्याच दिवशी ते फरफटत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी ओळ परत लिहिली, बसल्या जागी हात टेकवून, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर. मी मदत केली नाही. शेळ्या अंग घासतील, असं मी म्हणाले. घासू देत, असं ते म्हणाले.

उन्हाळ्यात फौजदार पुन्हा आला. आल्या आल्या त्यानं वर पाहिलं. तिथे वाळलेलं शेण होतं. त्याचं समाधान झालं. मग खाली काहीतरी काळं दिसलं. बारीक अक्षर, खोलीत उजेड कमी. त्यानं एक गुडघा जमिनीवर टेकला, भिंतीला हात लावला आणि वाचलं.

शेजारी बसलेले बाबा हसले. मार खाल्ल्यापासून पहिल्यांदाच.

"असंच वाचायचं असतं, फौजदारसाहेब."

फौजदारानं गुडघ्यावरूनच ठोसा मारला. समोरचे दोन दात बाबांच्या सदऱ्यावर पडले. मग त्यानं उभं राहून बुटाच्या टाचेनं ओळीवर लाथा घातल्या, गिलावा निघून दगड उघडे पडेपर्यंत. बाबा रक्त गिळत हसतच होते. फौजदार गेला.

बाबांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. मी आत गेले, कंदिलाच्या काचेची काजळी वाटीत खरवडली आणि डिंक भिजत घातला.