नाही दुखत म्हणते

माझी मुलगी पाच वर्षांची असताना तिचा डावा गुडघा पहिल्यांदा सुजला. पडली नव्हती, कुठे आपटली नव्हती. सकाळी अंथरुणातून उठली आणि पाय सरळच होईना. भिंतीला धरून, गुडघा वाकडाच ठेवून, कशीबशी मोरीपर्यंत गेली. आणि दुपारी मी ऑफिसातून जेवायला घरी आले तर ही बाई अंगणात पोरींबरोबर पकडापकडी खेळतेय!

मी तहसील ऑफिसात काम करते. आमचं गाव तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी सरहद्दीवर. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, आणि कागदांवर अजून निजामाच्या काळातले शब्द. दाखले मागणारी माणसं दिवसभर माझ्यापुढे उभी असतात. कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय, हे मला नुसतं तोंड बघून कळतं असा माझा समज होता. होता म्हणते, कारण आता तो राहिलेला नाही.

तर आम्ही तिला आदिलाबादला दाखवायला नेलं. सकाळची बस धरली तरी पोचेपर्यंत ऊन वर यायचं, आणि नंबर लागेपर्यंत जेवणवेळ. तोवर पाय मोकळा झालेला. डॉक्टर म्हणायचे, चालून दाखव, आणि ही धावून दाखवायची. वाढीच्या वयात दुखतात पाय, असं सांगून एकाने कॅल्शियमची बाटली दिली. दुसऱ्याने सूज बघितली, पण पडली असेल म्हणाला. तिसरा हसत म्हणाला, "मॅडम, बच्ची को स्कूल नहीं जाना है, और क्या." मला असा राग आला की मी फी टेबलावर आपटली आणि त्याला नमस्कारही न करता बाहेर पडले. पण बसमध्ये बसल्यावर मलाच वाटू लागलं, खरंच शाळा बुडवायचं नाटक असेल का? सकाळी बघितलेलं दुपारी माझं मलाच खरं वाटेना.

घरात उपचार चालूच होते. निरगुडीचा पाला बांधून झाला, तेल झालं, वाळूचा शेक झाला, नजर काढून झाली. सांध्यांचं दुखणं आहे असं मी म्हटलं की सासूबाई ऐकून घेत नसत. "एवढ्याशा पोट्टीले वात होते काय कुठं? वात म्हाताऱ्याले होते. मले आहे न!" जसा काही घरातल्या वाताचा ठेका त्यांनीच घेतला होता.

पुढे मनगट सुजलं, आणि लहान मुलांच्या एका डॉक्टरने सरळ हात टेकून आम्हाला हैदराबादला पाठवलं. तिथल्या बाई फक्त मुलांच्या सांध्यांचंच बघत. मुलांच्या सांध्यांचा असा वेगळा डॉक्टर असतो हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी विचारलं, सकाळी उठल्या उठल्या कशी असते? इतक्या जणांपैकी हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं.

रक्त तपासलं, डोळे यंत्रावर तपासले. हा आजार मुलांच्या डोळ्यांत गुपचूप शिरतो आणि वरून काही दिसत नाही, म्हणून ते दर तीन महिन्यांनी तपासायचे. मग बाईंनी समजावून सांगितलं, हा संधिवातच, पण मुलांना होणारा. शरीराची जी फौज रोगाशी लढते, तीच चुकून स्वतःच्या सांध्यांवर उठली आहे. कशामुळे, म्हटलं. पोटात असताना मी काही खाल्लं का, काही राहिलं का? त्या म्हणाल्या, कारण कुणालाच ठाऊक नाही, तुमचा काही दोष नाही. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला नाही वाटलं. दोष असता तर मी तो दुरुस्त केला असता.

औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं. आधी गोळ्या दिल्या, त्या पोटात ठरेनात. मग कातडीखाली द्यायचं इंजेक्शन आलं, आणि ते कसं द्यायचं हे एका नर्सने मलाच शिकवलं. रविवारी शाळा नसते म्हणून शनिवारची संध्याकाळ ठरवली. सुई इन्सुलिनची, बारीक. औषध मात्र पिवळं, हळदीच्या पाण्यासारखं.

तो पिवळा रंग आमच्या घरात शिरला तो असा. शनिवारी सकाळपासूनच तिचं तोंड उतरायचं. संध्याकाळी बाटली नुसती कपाटातून काढली की उलटी, सुई अजून टोचलेलीही नसायची. पुढे वरण बघून मळमळायला लागलं, मग आंबा, मग झेंडू. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, या औषधाने पुष्कळ मुलांचं असं होतं, मनाने धसका घेतलेला असतो, नाटक समजू नका. मी हळदीशिवाय स्वयंपाक करू लागले. सासूबाई ताट बघून म्हणायच्या, "हे काय वरण हाय? पांढरं फट्ट!" पण दोन घास कमी खाऊन उठायच्या. शाळेच्या पिवळ्या बसला मात्र काही इलाज नव्हता. खाली मान घालून चढायची बिचारी.

बतुकम्माच्या, म्हणजे इकडच्या फुलांच्या सणाच्या दिवसांत शेजारच्या तेलुगू मावशींनी तरवडाच्या आणि झेंडूच्या फुलांची उतरंड रचून ओट्यावर आणून ठेवली, अख्खी पिवळीधमक. माझी मुलगी परकर नेसून नाचायला बाहेर आली आणि पायरीवरच ओकली. चार बायकांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी मावशींनी नुसत्या पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांची एक लहानशी बतुकम्मा रचून तिच्या हातात दिली. त्या दिवशी माझी पोरगी टाळ्या वाजवत गोल फिरली, गुडघ्यासकट. कारण औषध लागू पडत होतं ना! पाय सरळ झाला होता, मनगट वळत होतं. ज्याच्यामुळे ती नाचत होती, तेच तिला नको होतं.

इंजेक्शनच्या वेळी नवरा तिचे हात धरायचा आणि दुसरीकडे बघायचा. मी टोचायचे. एकदा तिने रडत रडत विचारलं, "तू माह्यी आई आहे का त्या डॉक्टरिणीची?" मी सुई काढली, कापूस दाबला आणि म्हटलं, "तुझीच आहे, बेटा." तिचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही.

ती आठ वर्षांची झाली तोवर आजार शांत झाला होता. बाईंनी औषध हळूहळू उतरवत आणलं आणि एके दिवशी बंद केलं. मला आनंदाने काही सुचेना. मग त्यांनी बजावलं, आता लक्ष ठेवायचं. सूज दिसली, लंगडली, सकाळी पाय आखडला, तर लगेच यायचं, औषध पुन्हा सुरू करावं लागेल. हे त्या मला सांगत होत्या. मुलगी शेजारच्या खुर्चीत बसून बिस्किट खात होती. लहान मुलांसमोर आपण बोलत राहतो, त्यांना काय कळतं म्हणून.

ते काही महिने फार चांगले गेले. वरणात हळद परत आली. थंडी पडू लागली आणि आमच्याकडे ती पडते तेव्हा हाडात शिरते. त्याच दिवसांत मुलगी आपणहून लवकर उठायला लागली. आम्ही पांघरुणात असतानाच ही हिटरचं पाणी काढून आंघोळ करून, वेणीसाठी कंगवा घेऊन तयार. "पोट्टी लय शायनी झाली बाई," सासूबाई म्हणाल्या. मी ऑफिसात फुशारकी मारली की माझ्या मुलीला हाक मारावी लागत नाही. बाकीच्या बायका हेवा करायच्या आणि मी तो मजेत करू द्यायचे.

एके सकाळी नळाचं पाणी लवकर येणार होतं म्हणून मी उठले. न्हाणीघरात दिवा होता आणि दार नुसतं लोटलेलं. आत ती पाटावर बसली होती. डावा पाय गरम पाण्याच्या बादलीत. दोन्ही हातांनी गुडघा वरून दाबत होती, ओठ आत ओढून, आवाज होऊ नये म्हणून. गुडघ्याची वाटी दिसतच नव्हती, एवढा तो सुजला होता. तिने वर बघितलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "नाही दुखत."

"केव्हापासून?"

"नाही दुखत न, आई. आता मोकळा होते. थांब, चालून दाखवते."

आणि ती भिंतीला हात न लावता उठली, दातांवर दात ठेवून मोरीपासून दारापर्यंत चालून आली. सकाळचा पाय थोड्या वेळाने सुटतो, हे तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. आम्ही उठायच्या आत तो सोडवून ठेवला की झालं. मला रागावताही येईना आणि जवळ घ्यायचंही सुधरेना. मी ओल्या फरशीवर तशीच बसले. शाळेची बस येऊन भोंगा वाजवून गेली.

हैदराबादला बाईंनी गुडघा दाबला आणि विचारलं, दुखतं? ती म्हणाली, नाही. तिच्या पायाची बोटं आवळली गेली होती, ती बाईंनीही बघितली आणि मीही. डोळे सुदैवाने नीट निघाले. कुणी कुणाला बोल लावला नाही. भूल देऊन गुडघ्यात एक सुई दिली आणि शनिवारचं औषध पुन्हा सुरू झालं.

त्या पहिल्या शनिवारी मी धसका घेऊनच बाटली काढली. ती रडली नाही, तिला धरावंही लागलं नाही. उलटी आली ती गिळली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सुई काढल्यावर म्हणाली, "सांगतलं असतं तरी सुई, नाही सांगतलं तरी सुई. मंग मी सांगू काऊन?"

"मले कळाले पायजे म्हणून."

"तुले कळून काय होते?"

ती उद्धटपणे बोलली नव्हती. खरंच विचारत होती. मी सुई डब्यात टाकली, डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं.

आता ती दहा वर्षांची आहे. मी रोज तिच्या आधी उठते आणि दारात उभी राहते. पहिलं पाऊल कसं टाकते एवढंच बघायचं असतं. मी बघतेय हे तिला ठाऊक असतं. ती पलंगावर पाय खाली सोडून बसते, पांघरुणाची घडी घालते, उगाच केस सारखे करते. मी विचारते, दुखते काय? ती म्हणते, नाही. तोंडाकडे बघून मला काही कळत नाही. ती उठत नाही आणि मी हलत नाही. मग तिला शाळेला उशीर व्हायला लागतो, आणि मीच आधी स्वयंपाकघरात जाते.