खोर फक्कानच्या पडक्या घरातली कडी

मंडळी, आजचा प्रकार ऐका.

सकाळी इथे आखातात, खोर फक्कानजवळच्या एका पडक्या घरात आमच्या ह्यांनी "बेवारस आहे गं" म्हणत नवा मेटल डिटेक्टर फिरवला. बीप झालं. खणलं तर दाराची गंजलेली कडी!

तेवढ्यात पिकअप थांबली. पांढरा पायघोळ कंदुरा घातलेले एक म्हातारे अरब उतरले, हातात फोन. माझ्या डोळ्यांसमोर पोलीस, दंड, व्हिसा!

"ये मेरे बाबा का घर है."

"सॉरी, हमको लगा कोई नहीं रहता," हे पुटपुटले.

"इंडिया में तुम्हारा घर है?"

"रत्नागिरी में. दस साल से बंद है."

"मैं जाके खोदूँ?"

ह्यांनी कडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी कडी कंदुऱ्याला पुसली, खिशात घातली. "यल्ला, जाओ."

आता अल नहदातल्या आमच्या फ्लॅटवर, रत्नागिरीच्या घराच्या किल्लीकडे बघत बसलेय. तुमच्या बंद घराला कुणी बेवारस म्हणत असेल का हो?