कडू घास आणि काळी बटनं

दादा गेल्याचा निरोप माझ्या सासरी, पिंपळगाव राजाला पोचला तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. मी वेचलेल्या कापसाची गाठोडी बांधून ठेवली, घरात कोणी काय करायचं ते सांगितलं आणि एस.टी. धरली. खामगाव, मग मेहकर, मग बीबी गावाच्या अलीकडे आमच्या गावाचा फाटा. प्रत्येक ठिकाणी गाडी बदलताना मी फक्त पुढच्या गाडीचा विचार केला. रडायला पुढे वेळ मिळेल असं मला वाटत होतं. फाट्यावर उतरले आणि शिवारातून एकाही इंजिनाचा आवाज येत नाही हे लक्षात आलं. विहिरीवरची सगळी ऑईल इंजिनं दादाच्या हाताखालची. त्याच्यासाठी लोकांनी ती बंद ठेवली होती. मी तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसले.

महाराष्ट्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आमच्या भागात वीज म्हणजे खामगावला बाजाराला गेल्यावर पाहायची गोष्ट. दादा तिथे जायचा आणि बाजार सोडून खांबांकडे पाहत उभा राहायचा. तो इंजिनं दुरुस्त करायचा म्हणून गाव त्याला मिस्त्री म्हणायचं, आणि तो पाठमोरा झाला की लाइटवाला. विहिरीचं पाणी एक दिवस बटन दाबल्यावर वर येईल, हे तो मी परकरात होते तेव्हापासून सांगत होता. गावातला पहिला रेडिओ त्याचा. दुकानात ट्रकच्या जुन्या बॅटरीवर तो एक बल्ब पेटवून दाखवायचा. बीबीच्या बाजाराच्या दिवशी तो बल्ब बघायला माणसं मुद्दाम आमच्या गावावरून जायची.

शेवटच्या वर्षात त्यानं एक वेगळंच काम काढलं. वीज गावात आलेली नसताना तो घरोघरी वायरिंग करत सुटला. भिंतीवर लाकडी पट्ट्या ठोकायच्या, त्यावरून वायर न्यायची, दाराजवळ काळं गोल बटन बसवायचं. लोक हसायचे. संध्याकाळी बाया बटन खट्‌कन दाबायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, लागले मिस्त्रीचे दिवे." पण यामागे कारण होतं. वीजवाल्यांच्या साहेबानं त्याला मेहकरला सांगितलं होतं की सध्या तार एकाच गावाकडे ओढता येईल, तुमच्या नाहीतर ओढ्यापलीकडच्या. पाहणीला येईन तेव्हा जिथे जास्त घरं तयार दिसतील ते गाव आधी. दादानं सामान जिथून मिळेल तिथून आणलं आणि कामाला लागला. डोळे पिवळे झाले तरी तो शिडीवरून उतरला नाही. "आखरीचं घर झालं का जातो डाक्टरकडे," असं तो वहिनीला म्हणायचा. शेवटचं घर झालं तेव्हा त्याला बैलगाडीत घालून न्यावं लागलं.

मी पोचले तेव्हा त्याला नेऊन झालं होतं. अंगणात माणूस मावत नव्हता. लोणारहून कोणी आलं होतं, बीबीच्या दुकानदारांनी दुकानं बंद ठेवली होती. एक म्हातारा मला म्हणाला, "माय, असा माणूस पुन्हा होत नाही. पन्नास साल पुढचं पाहत जाय." हे वाक्य त्या दिवशी मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की शेवटी मान डोलावणंही सोडलं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, "साहेब येईन नं बाई?"

"येईल."

"मंग झालं."

माझा स्वभाव कामं लावून घेण्याचा. दुःखाच्या घरात कामं पुष्कळ असतात आणि ती नीट लावली नाहीत तर दुःखाला घाणेरडं रूप येतं. आमच्याकडे अशा घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी, वरण आणून देतात, त्याला कडू घास म्हणतात. भांडी एकमेकांत मिसळतात आणि मागाहून कुरबुरी होतात, म्हणून मी शेजारच्या शिंपीचाचाकडून रंगीत दोऱ्याचे तुकडे आणले आणि प्रत्येक घराच्या भांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. चाचा दादाचा लहानपणापासूनचा दोस्त. दोन दुकानांत एकच भिंत. दोरे देताना तो म्हणाला, "बेटी, मी मानसाइले कफन शिवून देतो, पन याचं माह्याच्यानं नाही पाहवलं," आणि शिलाईच्या मशीनवर डोकं टेकून बसला.

तिसऱ्या दिवशी समोरच्या घरची काकू पिठल्याचं पातेलं घेऊन आली. पातेलं ठेवलं, मग पदराखालून दुसरा हात काढला. हातात काळं बटन होतं, त्याला वायरचं वेटोळं गुंडाळलेलं.

"काकू, हे काय?"

"काही नाही माय. मेल्या मानसाची वस्तू घरात ठेवू नाही म्हनतात."

"ही वस्तू तुमची आहे काकू. तुमच्या भिंतीची."

"भिंत आमची. वस्तू त्याची."

असं म्हणून तिनं डोळे पुसले, वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेली. ती खोटी रडत नव्हती. म्हणूनच तिच्यावर रागावता येईना.

दुपारपर्यंत आणखी दोघी आल्या. वरणाबरोबर होल्डर, भाकरीबरोबर वायर. दुसऱ्या दिवशी पुरुष लाकडी पट्ट्यांचे भारे घेऊन आले आणि सरपण टाकावं तसे ओसरीच्या कडेला टाकून गेले. प्रत्येकजण चप्पल काढून आत यायचा, दादाबद्दल चांगलं बोलायचा, सामान ठेवायचा आणि आल्या पावली परत जायचा. मला काय चाललंय ते कळेना. ते चाचानं सांगितलं. गावात बोलणं उठलं होतं की मिस्त्रीच्या अंगात वीज शिरली. समोरच्या काकांनी, म्हणजे त्याच काकूच्या नवऱ्यानं, दादाला गाडीत घालताना त्याची नखं पाहिली होती. पेटलेल्या बल्बासारखी पिवळी. डोळेही तसेच. झालं. वीज अजून आलीच नाही तरी ती वायरमध्ये वाट पाहत बसलेली असते, हात लावणाऱ्याला आधी धरते, मग घरातल्यांना, असा हिशेब बसला.

चाचानं काकांना पारावर सर्वांदेखत गाठलं. मी वाण्याकडून येताना ऐकलं.

"काका, मी दवाखान्यात सोबत होतो. डाक्टरनं कावीळ सांगतली."

"डाक्टरले काय मालूम? तो मेहकरचा. पोरगं आमच्या डोळ्यासमोर पिवळं पडलं."

"तुमचा बैल मांगच्या साली पिवळा पडून मेला. त्यानं कोन्तं बटन दाबलं होतं?"

लोक हसले. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "बैलाची गोष्ट येगळी हाय."

हसून झाल्यावर ती माणसं घरी गेली आणि उरलेल्या पट्ट्या काढायला लागली. खिळे उपटल्याचा आवाज आमच्या अंगणात ऐकू यायचा. वहिनी तो आवाज येईल त्या दिशेला मान वळवायची आणि घर ओळखायची. "हे मारवाड्याच्या बाजूचं. हे करताना ते सकायपासून उपाशी होते." मी आलेल्या बटनांनाही दोरे बांधत गेले, भांड्याला होता त्याच रंगाचा, म्हणजे कुठलं कुणाचं ते लक्षात राहील. ती परत द्यायची असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दहाव्याला बायकांनी ओढ्यावर जायची आमच्यात पद्धत नाही. वहिनी म्हणाली, मी येते. कोणाला तिला अडवावंसं वाटलं नाही. ती आणि मी थोडं अंतर ठेवून उभ्या राहिलो. चाचा पलीकडे बाभळीखाली उभा होता. आमच्या धाकट्या भावानं पिंड मांडला आणि सगळे मागे सरले. कावळे होते. बाभळीवर, काठावर, पण पिंडाजवळ एकही येईना. कावळा शिवला नाही तर मेलेल्याची इच्छा राहिली असं मानतात आणि जिवंत माणसं एकेक इच्छा बोलून पाहतात.

धाकटा म्हणाला, "दादा, लेकरायचं शिक्षन मी करीन." कावळा नाही. कोणी म्हणालं, दुकान बंद पडू देणार नाही. कोणी म्हणालं, वहिनीला अंतर देणार नाही. काका पुढे झाले, हात जोडले, "मिस्त्री, दरसाल तुह्या नावानं गावात पंगत घालू." कावळा फांदीवरून उठला, हवेत फिरला आणि परत फांदीवर बसला.

ऊन चढलं. तेव्हा वहिनी पुढे गेली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण ओढ्यावर दुसरा आवाजच नव्हता.

"त्याईले काय पाह्यजे होतं ते तुमाले सगळ्याइले मालूम हाय. ते काऊन बोलून नाही राह्यले?"

सगळे खाली पाहायला लागले. काका म्हणाले, आणि फार मायेनं म्हणाले, "पोरी, ते सोडून दुसरं काही मांग."

"माह्यासाठी नाही मांगत मी."

बाभळीखालून चाचा म्हणाला, "मी बोलू का?"

"चाचा, तुमचं चालत नाही इथं," कोणीतरी म्हणालं.

"कावळ्याले इचारलं का तुमी?" चाचा म्हणाला. मग जागेवरूनच, पिंडाकडे पाहत, "दोस्ता, माह्या घरचं बटन मी काढत नाही. घरचे भेतात, पन काढत नाही."

कावळा आला असता तर गाव बदललं असतं, असं मला तेव्हा वाटलं होतं आणि आजही वाटतं. पण कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि सगळे आंघोळीला उतरले.

तेरावं झाल्यावर मी सासरी निघायला हवं होतं. साहेबाच्या पाहणीचा दिवस जवळ आला म्हणून थांबले. वहिनी आणि मी टोपलीत बटनं घेऊन घरोघर फिरलो. एकाही घरानं आम्हाला दारातून परत लावलं नाही. आत बोलावलं, चहा केला, वहिनीला चांगल्या जागी बसवलं. दादाच्या आठवणी काढल्या. आणि टोपलीकडे हात गेला नाही. काकू म्हणाली, "तुह्या घरी दोन लेकरं हायेत माय, तूबी काढून टाक." मारवाड्याच्या बाजूच्या घरात तर पट्ट्यांच्या जागी नवा चुना लावून झाला होता. वहिनी तिथे चुन्याला बोट लावून पाहत राहिली. ओलाच होता. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाई, हे लोक वाईट असते तं बरं झालं असतं."

साहेब जीपमधून आला. मिस्त्री कुठे आहेत म्हणून त्यानं पारावरच विचारलं, आणि ऐकल्यावर बराच वेळ गाडीतून उतरलाच नाही. मग आमच्या घरी आला. मागून गाव आलं. साहेब ओसरीवर बसला आणि म्हणाला, "असा माणूस मी आमच्या खात्यातही पाहिला नाही." गावाला तेवढंच निमित्त मिळालं. लोक दादाबद्दल भरभरून सांगायला लागले, त्याचा रेडिओ, त्याचा बल्ब, त्यानं एका रात्रीत उभी केलेली इंजिनं. काकांनी तर तो बल्ब कसा पेटवायचा ते हातानं करून दाखवलं. मी आतून चहाचे कप आणत होते आणि मला ते सगळं खरं वाटत होतं, कारण ते खरंच होतं.

साहेबानं कप खाली ठेवला. "त्यांनी तयार केलेली घरं दाखवता?"

मग काका म्हणाले, "साहेब, गाव सुतकात होतं."

साहेब उठून समोरच्या घरात गेला, तिथून पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. भिंतीवर पट्ट्यांच्या जागा फिक्या दिसत होत्या, खिळ्यांची भोकं होती. आमच्याकडचं बटन पाहिलं, चाचाकडचं पाहिलं. चाचाच्या घरच्यांनी त्या बटनावर फडकं टांगून ठेवलं होतं, ते चाचानं बाजूला केलं. साहेब परत ओसरीवर आला, कागद काढला आणि वहिनीला हळूच म्हणाला, "बाई, पलीकडच्या गावात पुष्कळ घरं तयार आहेत. इथे मी काय लिहू? त्यांच्यासाठी म्हणून थोडी वाढवून लिहितो."

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"दोन लिहा," ती म्हणाली. "त्याईचं काम हाय. त्यात लबाडी नको."

साहेबानं लिहिलं. जीप ओढा ओलांडून पलीकडच्या गावाकडे गेली आणि माणसं एकेक करून उठली. जाताना बहुतेकांनी वहिनीला हात जोडले. वहिनी आत जाऊन पीठ मळायला बसली. दिवस मावळायला आला होता. मी कंदील खाली उतरवला आणि त्याची काच राखेनं पुसायला घेतली.