गॅरेजमधली तोफ आणि आईची घासणी

आमच्या शेजाऱ्याकडे तोफ होती. हे वाक्य मी इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावातल्या प्रत्येक पॉटलक जेवणात म्हटलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यांनी आधी माझ्या बायकोकडे बघितलेलं आहे. माझ्या बोलण्याची खातरजमा तिच्याकडून करून घ्यायची, अशी मंडळींना सवयच लागली होती. ती पोळीचा तुकडा मोडत म्हणायची, "नाही, हे खरं आहे."

आता ती तोफ हत्तीएवढी होती, तिच्यात एक माणूस झोपू शकायचा, तिने एकदा माझ्या आजोबांच्या दिशेने गोळा टाकला होता, हे सगळं मी वर घातलेलं. पण तोफ होती. २००५ च्या आसपासची गोष्ट. शेजारी म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. बायको वारलेली, एकुलत्या मुलाचं दुसऱ्या गावात गाड्यांचं शोरूम. डॉक्टरांची स्वतःची गाडी वर्षानुवर्षं अंगणात उन्हात भाजत होती आणि गॅरेजमध्ये, सावलीत, पंख्याखाली ही बाई. रशियन, रणगाडे फोडायची, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात घडवलेली. फिनलंडच्या सैन्याने कधीतरी पकडलेली, मग भंगारात निघालेली, आणि कुठून कुठून फिरत इथे आलेली. नळीत पोलाद ओतून तोंड कायमचं बंद केलेलं. लाकडी चाकं, पुढे पत्र्याची ढाल, उंची जेमतेम माझ्या छातीपर्यंत.

डॉक्टर तिची कुळकथा सांगायचे ती मात्र मला वाढवून सांगायची गरज कधी पडली नाही. पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीला असली हत्यारं करायला बंदी होती. पण बंदी कारखान्यांवर होती, इंजिनिअरांच्या डोक्यांवर नव्हती. त्यांनी सदतीस मिलिमीटरच्या एका तोफेची आखणी केली आणि भलत्याच नावाच्या एका कंपनीच्या आडून ती रशियनांना विकली. रशियनांनी ती बनवली आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं, की हिचा गोळा पत्रा फोडेल, पण स्फोटक गोळा मारला तर अगदीच फुसका. मग त्यांनी पंचेचाळीस मिलिमीटरची जाड नळी केली. नळी नवी, पण गाडा? तो नव्याने करत कोण बसतो! सदतीसच्याच गाड्यावर पंचेचाळीस चढवली. धाकट्याच्या पाळण्यात थोरल्याला निजवलं, असं मी मराठीत त्याचं भाषांतर केलं होतं.

बरं, तिची नाटकंही भरपूर. पोलादी गोळा उडवला की मागचं झाकण आपलं आपण उघडायचं. स्फोटक गोळा उडवला की हाताने उघडत बसा. स्प्रिंगा नाहीत, त्यामुळे घोड्यामागे ठीक. ट्रकला बांधून पळवली की सगळी खिळखिळी. मोटारीची चाकं आणि स्प्रिंगा तिच्या धाकट्या बहिणींच्या नशिबी आल्या.

डॉक्टरांचं म्हणणं असं, की ही तोफ त्या अदलाबदलीच्या ऐन सुरुवातीची आहे. म्हणजे तिचा गाडा खरोखर सदतीसच्या तोफेसाठी बनला आणि मग त्यावर मोठी नळी आली. पुरावा गाड्याच्या मागे पसरलेल्या दोन लोखंडी पायांपैकी डाव्यावर होता. वर फिनलंडवाल्यांनी फासलेला राखाडी रंग, त्याखाली कारखान्यातला मूळ हिरवा, आणि त्या हिरव्यावर पांढऱ्या रंगात आकडा. डॉक्टर स्टुलावर बसून, कपाळाला दिवा बांधून, दातांची कीड काढायच्या टोकदार हत्यारांनी तो राखाडी रंग खवल्याखवल्याने काढत. दोन वर्षांत 'तीन' पूर्ण बाहेर आला होता आणि पुढच्या आकड्याची वरची आडवी रेघ.

त्या रेघेखाली तिरकी दांडी निघाली की सात, म्हणजे सदतीस. सात निघाला की राज्यातल्या एका मोठ्या संग्रहालयाचा माणूस तोफ आतल्या दालनात ठेवायला तयार होता. तो दसऱ्यानंतरच्या आठवड्यात येणारच होता. नाही निघाला, तर डॉक्टरांच्या मागे ती मुलाकडे जाणार, आणि मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं, की शोरूमच्या दारात ती फुगे बांधून मस्त दिसेल.

"फुगे," डॉक्टर मला म्हणायचे. आणि पुन्हा कपाळाचा दिवा लावायचे.

त्याच सुमाराला आई पहिल्यांदा अमेरिकेला आली. सांगलीला वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, वडील जाऊन काही वर्षं झाली होती. आईला इथे सगळं आवडलं आणि करायला काहीच सापडलं नाही. भांडी मशीन घासणार, कपडे मशीन वाळवणार, नात तिच्या 'बाळा, दूध पी' ला "आय ऍम गुड, आजी" म्हणणार. मग ती संध्याकाळी डॉक्टरांच्या गॅरेजच्या दाराशी जाऊन बसू लागली. ते इंग्रजीत बोलायचे, ती मराठीत. दोघांचं छान चालायचं. मी मध्ये दुभाष्या म्हणून गेलो, की दोघांचाही हिरमोड व्हायचा.

एकदा तिने मला विचारलं, "अरे, हे डॉक्टरभाऊ रोज काय कोरत बसतात तिथे?"

इथे खरं सांगायला किती शब्द लागले असते? पण आईला हसवायचं होतं. मी म्हटलं, "साफ करतात गं तोफ. दातांचे डॉक्टर ना, एकेक दात घासल्यासारखं चाललंय. दोन वर्षं झाली, वीतभर जागा झाली नाही. म्हातारा शंभरीचा होईल, तोफ काळीच राहील."

आई हसली नाही. "बिचारे," ती म्हणाली. "एकटा माणूस."

खंडेनवमी जवळ आली. आमच्याकडे सण शनिवारीच येतात, पंचांग काहीही म्हणो. आई म्हणाली, दारात एवढं हत्यार असताना आपण काय कात्री आणि स्क्रू ड्रायव्हर पुजत बसायचं? मला हे इतकं आवडलं, की मी लगेच चार घरी फोन केले. "या वर्षी खऱ्या तोफेची पूजा, यार. शेजारच्या मॉरिसव्हिलवाल्यांना जळू दे." डॉक्टरांना सांगितलं, की आमच्यात या दिवशी अवजारांना फुलं वाहतात. पूजेआधी अवजारं धुऊन, घासून, जुनं वंगण आणि रंगाचे पोपडे काढून लख्ख करतात, हे मी सांगितलं नाही. ते मला आठवलंच नाही. लहानपणी ते काम कामगार आणि आई करायचे. मी फक्त पेढे खायला हजर.

शनिवारी सकाळी डॉक्टरांना घेऊन मी मॉरिसव्हिलच्या इंडियन दुकानात नारळ आणि झेंडू आणायला गेलो. गॅरेज उघडं. आई म्हणाली, "जा तुम्ही, मी बसते इथे." वीस मिनिटांचं काम. पण दुकानात ओळखीचे दोघं भेटले आणि मला डॉक्टरांना मिरवायची हुक्की आली. "हे माझे तोफवाले मित्र," म्हणून मी सुरू झालो. फणसाच्या डब्यांसमोर उभं राहून मी त्या तोफेला तीन लढाया जिंकून दिल्या. डॉक्टर नारळ हातात धरून सौजन्याने उभे. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं. मी तिसरी लढाई संपवली आणि मगच निघालो.

परत आलो तेव्हा आई पदराने कपाळ पुसत होती. हातात तारेची घासणी. शेजारी डॉक्टरांच्याच फळीवरचा थिनरचा डबा. वासावरून तिने तो बरोबर ओळखला होता. आयुष्यभर तिने वर्कशॉपमध्ये तोच वास घेतला होता. गाड्याचा डावा पाय पार टोकापर्यंत उघडा, पांढराशुभ्र चमकत होता. लोखंड. ना राखाडी, ना हिरवा, ना तीन.

"सांग त्यांना," आई म्हणाली, "उजवा पाय राहिलाय, पण हा झाला."

डॉक्टरांनी नारळ जमिनीवर ठेवला, स्टुलावर बसले, सवयीने कपाळाचा दिवा लावला आणि त्या जागेवर बोट फिरवलं. मग मला विचारलं, "ती काय म्हणते आहे?"

मी थिनरचा डबा उचलून त्याला झाकण लावायला लागलो.

ते उठले, आईसमोर गेले आणि तिचे दोन्ही हात, थिनरने पांढरे पडलेले, आपल्या हातात घेतले. "थँक यू, मॅम," म्हणाले. आईला एवढं इंग्रजी कळत होतं. ती इतकी खूश झाली, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. थोड्या वेळात गाड्या भरभरून मंडळी आली, तोफेला हळदीकुंकू लागलं, हार पडला. नागपूरचा एक मित्र म्हणाला, "काय बे, ही तर नवीन आणली वाटते!" डॉक्टरांनी पेढा खाल्ला.

ही गोष्ट मी पुढे कधी कधी अशी सांगितली आहे, की आईने रंग घासला आणि खाली लोखंडात ठोकलेला सदतीसचा शिक्का निघाला. लोक टाळ्या वाजवतात. खाली काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी डॉक्टरांकडे गेलो आणि विचारलं, "तुम्ही फोटो काढले असतील ना?" ते म्हणाले, अर्धवट दाताचा फोटो मी कधी काढला नाही, पूर्ण झाल्यावर काढणार होतो. मग एकदम आशेने म्हणाले, "तू काढलेस की! तुझ्याकडे तो डिजिटल कॅमेरा आहे."

खरंच. कॉम्प्युटरवर तोफेचे ढिगाने फोटो होते. आम्ही दोघं ते उघडून बसलो. पहिल्यात मी गाड्याच्या डाव्या पायावर पाय ठेवून उभा. दुसऱ्यात मी त्याच पायावर बसलेलो. तिसऱ्यात मी ढालीवर हात टाकून, पोट पुढे काढून. एकाही फोटोत ती जागा दिसत नव्हती. प्रत्येकात तिच्यापुढे मीच होतो. डॉक्टर प्रत्येक फोटो नीट बघत होते, चष्मा वर-खाली करत. शेवटच्या फोटोपाशी म्हणाले, "हा शर्ट तुला शोभतो." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आईला आम्ही काही सांगितलं नाही. डॉक्टरांनीच तशी अट घातली. त्यामुळे संग्रहालयाचा माणूस येणार म्हटल्यावर ती सकाळपासून कांदेपोह्यांच्या तयारीला लागली. बघायला येणार आहेत म्हटल्यावर पोहे नकोत का?

तोफ आम्ही ओढून अंगणात काढून ठेवली होती. माणूस शांत, नेमका, हातात मोजपट्टी. नळी मोजली, चाकं बघितली, ढालीमागे वाकला. मग डाव्या पायापाशी आला. "आकडा इथे होता?"

"होता," डॉक्टर म्हणाले. "स्वच्छ करताना गेला."

कोणी स्वच्छ केलं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या अंगणातून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती आणि तिच्यात आई मोहरी तडतडवत होती. मला राहवेना. मी पुढे झालो. "मी बघितला आहे. माझ्या डोळ्यांनी. सदतीस. तीन आणि सात, दोन्ही पूर्ण, पांढऱ्या रंगात, हे एवढे." हात पसरून मी तो आकडा कलिंगडाएवढा करून दाखवला. आयुष्यात इतक्या मनापासून मी थाप मारली नव्हती.

माणसाने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"तीन होता," डॉक्टर म्हणाले. "त्यापुढे फक्त वरची रेघ. ती पाचाचीही असू शकली असती. हा माझा चांगला शेजारी आहे, पण सात त्याने बघितलेला नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

तीन खरा होता. एवढंच बोललो असतो तर निदान दोन साक्षीदार झाले असते. आता माझ्यामुळे डॉक्टरांच्या खऱ्या तीनलाही माझ्या कलिंगडाचा वास लागला. त्या माणसाने मोजपट्टी गुंडाळली. सभ्यपणे म्हणाला, की तोफ चांगली आहे, नेहमीची पंचेचाळीस म्हणून ते जरूर घेतील. आतल्या दालनात मात्र जागा देता येणार नाही. बाहेर मैदानात, इतर तोफांच्या रांगेत.

डॉक्टरांनी तोफेकडे बघितलं. "फुगे नाहीत ना तिथे?" त्यांनी विचारलं.

"फुगे?" तो गोंधळला. "नाही."

"मग न्या."

तो निघून गेला आणि आई पोह्यांच्या ताटल्या घेऊन अंगण ओलांडून आली. पाहुणा गेलेला बघून तिचा चेहरा पडला. "काय म्हणाले? पसंत पडली का?"

"पडली," मी म्हटलं. "पण बाहेर ठेवणार, मैदानात."

"बाहेर? पावसात?" आई भडकली. "एवढी हात दुखेस्तोवर घासून दिली ती गंजवायला? काही रीत आहे का या लोकांना! सांग डॉक्टरभाऊंना, देऊ नका म्हणावं."

"काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

मी त्यांना शब्दन् शब्द सांगितलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. ते आधी नुसते ऐकत राहिले, आणि मग हसायला लागले. स्टुलावर बसून, डोळे पुसत, ताटली सांडेल इतके हसले. आईला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. तीही हसली आणि त्यांच्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

मी लिंबू पिळत उभा राहिलो. डावा पाय उन्हात चमकत होता. हवा दमट होती. दोन दिवसांत तिथे तांबूस ठिपके धरणार, हे मला आता कळत होतं. डॉक्टरांनी हसता हसताच गॅरेजमधल्या फळीकडे हात केला. तेलाचा डबा आणि फडकं तिथे होतं. संग्रहालयाचा ट्रक येईपर्यंत दर शनिवारी ते काम माझं झालं. आई दारात खुर्ची टाकून बसायची आणि सांगायची, "अरे, जोर लावून पूस."